एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचा खुराक

दर महिन्याला एक आजी माझ्या दुकानात यायच्या. कोल्हापुरात दसरा चौकापासून हाकेच्या अंतरावर मी तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. आजी डोंगराकडच्या एका गावातून पहिल्या एसटीनं नातवाला घेऊन निघायच्या, एआरटी केंद्रातून (एआरटी म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं) त्याच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि परतीच्या गाडीआधी माझ्याकडं शक्तीच्या पावडरीचा डबा मागायच्या. गोळ्या सरकारकडून फुकट, डबा 550 रुपयांचा. कनवटीच्या पिशवीतून घड्या घातलेल्या नोटा काढून त्या दोनदा मोजायच्या. नातू आठ वर्षांचा, दिसायला पाचाचा. त्याचे आई-वडील दोघंही गेलेले.

"पोरगं अंगच धरंना बघा मालक," त्या म्हणायच्या. मी डबा द्यायचो.

एकदा दुकानात गर्दी नव्हती म्हणून विचारलं, घरी काय खातो हा? सकाळी चहा-बटर, दुपारी शाळेतली खिचडी, रात्री भात-आमटी. आणि अंडं? "कोंबड्या हायत की चार. पर अंडी इकतो आम्ही. डब्याला पैसं नकोत व्हय?"

तो डबा मी परत फळीवर ठेवला.

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना जीवनसत्त्वं आणि खनिजं वरून द्यावीत का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण कुठली, किती, कुणी आणि कशाच्या बदल्यात द्यायची हे ठरवल्याशिवाय त्या 'हो'ला अर्थ नाही. आज हा निर्णय सगळ्यात गरीब घरावर टाकलेला आहे. ते घर जाहिरात बघतं, शेजाऱ्याचं ऐकतं, दुकानदाराच्या तोंडाकडं बघतं आणि पोराच्या ताटातलं काढून बाटलीत घालतं. हे थांबलं पाहिजे, आणि थांबवायची जबाबदारी आजींची नाही. ती आपली सगळ्यांची आहे, त्यात आम्हा औषध दुकानदारांची जरा जास्त.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. तालमीचं गाव आहे हे. पैलवान घडतो तो खुराकावर, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दूध, बदाम, थंडाई, अंडी, मटण, आणि सोबत वेळेवर मेहनत, वेळेवर झोप. खासबागेच्या मातीत उतरणाऱ्या पोराच्या बापाला कुणी सांगितलं की दोन चमचे पावडर पाजा आणि बाकी चहा-बटरवर भागवा, तर तो हसेल. मग ज्या पोराच्या अंगात विषाणूशी रात्रंदिवस झुंज चालली आहे, त्याला आपण नेमकं तेच कसं सांगतो?

झुंज हा शब्द मी उगाच वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये एचआयव्ही असलेल्या मुलांच्या आहाराबद्दल मार्गदर्शन काढलं. मूल वरून ठणठणीत असलं, तरी त्याला त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा साधारण 10 टक्के जास्त ऊर्जा लागते, असं त्यात सांगितलं आहे. वजन घटत असेल किंवा जुनाट आजार मागं लागला असेल तर 25 ते 30 टक्के. तीव्र कुपोषण असेल तर 50 ते 100 टक्के. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 कॅलरी लागतात असं धरलं, तर 10 टक्के म्हणजे 170. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढ्या असतात. आजींच्या नातवासारखं वाळलेलं पोर असेल तर 450-500 कॅलरी जास्त हव्यात: मूठभर शेंगदाणे, एक उकडलेलं अंडं, एक केळं आणि गूळ घातलेली वाटीभर नाचणीची आंबील. यातली एकही वस्तू आजऱ्या-चंदगडच्या, राधानगरी-भुदरगडच्या घराला परकी नाही. नाचणी तर तिथंच पिकते, 100 ग्रॅममध्ये 340 मिलिग्रॅमच्या पुढं कॅल्शियम असलेली. शेंगदाणे मात्र निवडून घ्यावेत, बुरशी धरलेले, कडवट दाणे पोराच्या तोंडी जाऊ नयेत.

आता हिशेब मांडतो, दुकानदाराला तोच जमतो. डबा 200 ग्रॅमचा, 550 रुपयांना. तेवढ्याच पैशांत आजच्या भावानं महिन्याची 30 अंडी, किलोभर शेंगदाणे, किलोभर गूळ आणि दीड-दोन किलो नाचणी येते. किलोभर शेंगदाण्यांत सुमारे 250 ग्रॅम प्रथिनं असतात. 30 अंड्यांत साधारण 180. दोन्ही मिळून 430 ग्रॅम. आणि डब्यात? डब्यात सगळा मिळून ऐवजच 200 ग्रॅम, त्यातही साखर बरीच. अंडी आजींच्या कोंबड्या फुकट देत होत्या, हे यात धरलेलंच नाही.

कुणी म्हणेल, प्रथिनांचं ठीक, पण जीवनसत्त्वांचं काय? ती तर औषधासारखीच लागतात ना? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अंदाजानं देऊ नये. ते अभ्यासून पाहिलं गेलं आहे.

आधी ही टॉनिकवरची श्रद्धा कुठून आली ते पाहू. एक काळ असा होता की या मुलांसाठी दुसरं काही नव्हतंच. आपल्याकडं मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झालं, मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम 2006 च्या अखेरीस. त्याआधी आफ्रिकेत लाखो मुलं औषधाविना मरत होती, आणि डॉक्टर स्वस्तात हाताशी असलेल्या गोष्टींनी ती वाचतात का हे तपासत होते. व्हिटॅमिन ए त्यात खरं उतरलं. युगांडात 181 बाळांवर झालेल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी व्हिटॅमिन ए मिळालेल्यांत 20.6 टक्के दगावली, न मिळालेल्यांत 32.9 टक्के. टांझानियात न्यूमोनियानं दवाखान्यात आलेल्या मुलांत आणि दक्षिण आफ्रिकेतही दिशा तीच दिसली. हे आकडे वाचताना घशात आवंढा येतो, कारण ज्यांना 'मिळालं' त्यांतलंही पाचातलं एक मूल गेलं.

जस्ताची, म्हणजे झिंकची गोष्ट वेगळी. विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी जस्त लागतं, म्हणून ते दिल्यानं आजार भडकेल अशी भीती होती. दक्षिण आफ्रिकेत 96 मुलांना सहा महिने पाहिलं गेलं, अर्ध्यांना रोज 10 मिलिग्रॅम जस्त, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. 2005 मध्ये निकाल आला. विषाणूचं प्रमाण वाढलं नाही, आणि पातळ जुलाब निम्म्यावर आले: तपासणीच्या 14.5 टक्के भेटींऐवजी 7.4 टक्के भेटींत. म्हणून जुलाब लागलेल्या मुलाला, एचआयव्ही असो वा नसो, सहा महिन्यांवरच्या वयाला रोज 20 मिलिग्रॅम जस्त 10 ते 14 दिवस आणि सोबत ओआरएस, ही रीत पक्की आहे. या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

म्हणजे थोडं चांगलं, तर दुप्पट आणखी चांगलं? इथंच आपली फसगत होते. युगांडातच 1 ते 5 वर्षांच्या 847 मुलांवर हे पाहिलं. अर्ध्यांना 14 प्रकारची जीवनसत्त्वं-खनिजं रोजच्या गरजेच्या दुप्पट, उरलेल्यांना फक्त सहा जीवनसत्त्वं, गरजेइतकीच. वर्षाअखेर मृत्यू 5.9 टक्के आणि 6.7 टक्के, म्हणजे फरक म्हणावा असा नाही. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींतही फरक नाही. मोठ्या माणसांत तर टांझानियातली एक मोठी चाचणी, एआरटीवरच्या तीन हजारांवर रुग्णांची, मध्येच थांबवावी लागली, कारण जास्त मात्रेच्या मल्टिव्हिटॅमिननं यकृतावर ताण येण्याची लक्षणं रक्तात दिसू लागली. आणि ज्या व्हिटॅमिन ए नं बाळं वाचवली, तेच टांझानियात एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना रोज दिल्यावर बाळाला लागण होण्याचा धोका वाढला, असं 2002 मध्ये दिसलं. एकच गोष्ट, माणूस बदलला की परिणाम उलटा.

याचा अर्थ मी असा लावतो: गरजेइतकं द्यावं, ताटातून मिळत नसेल तर गोळी-सिरपनं तेवढं भरून काढावं, गरजेच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. पाच वर्षांखालच्या मुलाला आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात व्हिटॅमिन ए मिळतंच, नवव्या महिन्यात 1 लाख युनिट, पुढं दर सहा महिन्यांनी 2 लाख, असे एकूण नऊ डोस. एचआयव्ही असलेल्या घरांतली मुलं या डोसांना नेमकी चुकतात, कारण आई अंगणवाडीपासून, आशाताईपासून लांब राहते. तिला वाटतं, विचारपूस झाली तर कळेल. टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड चालू असेल तर सोबत व्हिटॅमिन बी सिक्स हवंच, नाहीतर हातापायांच्या नसा दुखावतात. जंताची गोळी वर्षातून दोनदा. या गोष्टी मोजक्या, स्वस्त आणि सरकारी व्यवस्थेत असलेल्या आहेत. यांच्यासाठी अंडी विकावी लागत नाहीत.

आता ज्या कारणासाठी हा लेख मी खरं तर लिहायला घेतला, त्याकडं येतो. "टॉनिकच आहे, उपाय नाही झाला तर अपाय तरी कुठं होणार?" हे वाक्य मी गल्ल्यावर बसून हजारदा ऐकलं आणि शंभरदा स्वतः बोललो. ते खोटं आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या एआरटी केंद्रांत डोलुटेग्राविर हे मुख्य औषध झालं. चांगलं औषध आहे, दिवसातून एकदा घेतलं की भागतं आणि विषाणू लवकर आटोक्यात येतो. पण कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम हे धातू पोटात त्याला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरत नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधांचंही तसंच. म्हणून नियम आहे की डोलुटेग्राविर या गोष्टींच्या दोन तास आधी घ्यावं किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम किंवा लोह असेल तर भरल्या पोटी, जेवणासोबत एकत्र चालतं. रोजच्या दूध-भाकरीला हे बंधन नाही, ते गोळ्या-सिरपला आहे. आता विचार करा, घरची माणसं प्रेमानं काय करतात? सकाळी पोराला उपाशीपोटी बसवून एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात कॅल्शियमचं सिरप देतात, की सगळं एकदम उरकून जावं. गोळी रोज पोटात जाते, पण अंगात पुरती लागत नाही. पुढं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढलेला निघाला की पोराला विचारतात, गोळ्या चुकवतोस का रे?

आम्ही दुकानदार हे सिरप चिठ्ठीविना देतो. 'दुसरं कुठलं औषध चालू आहे का' हा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. मी वर्षानुवर्षं तो विचारला नाही. पुढं विचारू लागलो, तर लोक इकडंतिकडं बघून गप्प व्हायचे, कारण शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असायचं. त्यावर उपाय साधा आहे. आजाराचं नाव विचारूच नये. "रोजची एखादी गोळी चालू असेल तर हे सिरप आणि ती गोळी यांत सहा तास ठेवा" एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं. थायरॉईडवाल्याच्याही ते उपयोगाचंच असतं.

दुसरा अपाय याहून मोठा. एचआयव्ही असलेल्या मुलाचं वजन न वाढणं हे टीबीचं लक्षण असू शकतं. खोकला, ताप, घरात कुणाला टीबी आणि वजन न वाढणं, या चारांतलं एक जरी असलं तरी तपासणी हवी, असं शास्त्र सांगतं. किंवा गोळ्या लागू पडत नसतील. किंवा जंत असतील. रक्त कमी दिसतं म्हणून लोहाचं टॉनिक पाजतात, आणि खरं कारण कधी कधी झिडोव्हुडिन नावाचं एआरटीचंच औषध असतं. ते हाडांच्या मगजातलं रक्त बनणं मंदावतं, तिथं लोहाच्या दहा बाटल्या उपयोगाच्या नाहीत. तिथं डॉक्टरांनी औषध बदलावं लागतं. पोरगं वाळतंय हा शरीरानं दिलेला आवाज आहे. डबा घरात आला की तो आवाज ऐकू येईनासा होतो. 'पावडर चालू केलीय, बघू महिनाभर' म्हणत तीन महिने जातात.

बाकी अपायांवर फार लिहीत नाही. व्हिटॅमिन डी ची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक म्हणून दिलेली, ती महिनोन्महिने कुणाला न विचारता घेणारे मी पाहिलेत. ए आणि डी अंगात साठतात, लघवीवाटे निघून जात नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि आपल्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, ज्याचा आपल्याला अभिमान, ते या पोरांना पाजू नये. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला कच्च्या दुधातून आजार होतात. उकळून, साय-बिय असलेलं, पेलाभर जरूर द्यावं.

हे सगळं समजलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो डॉक्टरांचा नाही, आपल्या समाजाचा आहे. ज्या घरात अंडं-दूध परवडतच नाही तिथं काय करायचं? तिथं मी गोळीच्या विरोधात नाही. रोजच्या गरजेइतक्या मल्टिव्हिटॅमिनचं सिरप केंद्रातूनच, एआरटीच्या गोळ्यांसोबत, वेळा नीट समजावून फुकट मिळावं. प्रत्येक भेटीला वजन-उंची घेऊन वाढीची रेषा काढावी आणि 'काल दिवसभरात काय खाल्लं' हे विचारावं. घरात पैसे यावेत म्हणून राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपयांची, आणि एचआयव्हीबाधित पालकांची मुलं तिच्यात बसतात. आजींनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. डबा विकणाऱ्या मला त्यांना ते आधी सांगता आलं असतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, आणि याची मला खंत आहे.

पण माझा खरा भर आहे शाळेतल्या ताटावर. 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, पुष्कळ दानशूर मंडळी या मुलांना प्रोटीनच्या डब्यांची किट वाटतात. त्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण ती पिशवी घेऊन गावात उतरलेलं पोर सगळ्यांना दिसतं. डबा घराच्या फळीवर बसतो आणि पाहुणा विचारतो, हे कशाला? 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो की माणसाची लागण त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, शाळेत भेदभाव करायचा नाही. कायदा कागदावर राहतो आणि पिशवी बोलून जाते. खास या मुलांसाठी म्हणून जे जे वाटाल, ते ते त्यांच्याकडं बोट दाखवतं. सगळ्यांच्या ताटात पडलेलं अंडं कुणाकडं बोट दाखवत नाही.

आणि तेच अंडं आपण काढून घेतलं. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय घेतला होता. जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी बंद झाला. हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं, असं ठरलं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि तो फिरवावा अशी माझी मागणी आहे. खर्चाचं कारण मला पटत नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली, त्या गावाला तरी पोटाला अन्न मिळाल्याशिवाय पोर शिकत नाही हे पुन्हा कुणी समजावून सांगायला नको होतं. आठवड्याला एका अंड्यानं एचआयव्ही असलेल्या मुलाची गरज भागत नाही, हे खरं. पण एक सुरू झालं की दोन मागता येतात, आणि शाळेनं दिलेलं अंडं बघून घरची माणसं चार कोंबड्यांची अंडी बाजारात न्यायच्या आधी विचार करतात. चहा-बटरला 'नाश्ता' आणि अंड्याला 'विकायची वस्तू' समजणं, हे शाळेच्या ताटातूनच बदलेल.

तोवर लोकवर्गणी तर लोकवर्गणी. शंभर पोरांची शाळा, अंडं 7 रुपयांचं, वर्षाचे 40 आठवडे धरले तर 28,000 रुपये होतात. गल्लीतल्या एखाद्या तालीम मंडळाचा एका रात्रीच्या साउंड सिस्टीमचा खर्च काढून बघा. आमच्या भागातल्या तालमीपुढं मी हा हिशेब मांडला. दोन बैठकांत वाद झाला, अंडं की केळं यावर जास्त. शेवटी वस्तादांनी एक शाळा उचलली. बुधवारी सकाळी आठ वाजता दोन पोरं सायकलवर ट्रे घेऊन जातात. त्या शाळेत एचआयव्हीसह जगणारं एखादं मूल आहे की नाही, हे तालमीत कुणालाच माहीत नाही, आणि मी कुणाला विचारू दिलेलं नाही.